जळगावात चौदा मजली इमारतीत फ्लॅट घ्यायचा म्हणता, तर आधी खाली बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पुण्यात नोकरीला, आई-वडील यावल तालुक्यातल्या गावी. वडिलांचे गुडघे गेले, आईला दर महिन्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, म्हणून दोघांना जळगावात आणायचं ठरतंय. शहरातून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला एक चौदा मजली इमारत होते आहे. खालचे दोन मजले गाळे आणि ऑफिसं, वर बारा मजले फ्लॅट, मजल्यावर चार, तळघरात पार्किंग. त्यांना अकराव्या मजल्यावरचा वायव्य कोपऱ्याचा फ्लॅट दाखवला, हवा स्वच्छ असली की सातपुडा दिसतो म्हणे. त्यांचे तीन प्रश्न: आपल्या काळ्या मातीत चौदा मजले टिकतील का, अकरावा मजला म्हाताऱ्या माणसांना बरा का, आणि जोडीला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा भाड्यासाठी घेऊन ठेवावा का.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. अठ्ठावीस वर्षं जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे याच पट्ट्यात डिझाइन करतोय. त्यातली पहिली वीस वर्षं बहुतेक बंगले, रो-हाउस आणि खाली पार्किंग, वर तीन-चार मजले अशा अपार्टमेंटमध्ये गेली. जळगावात उंच इमारत म्हटली की महापालिकेची 'सतरा मजली' एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मग २०२० च्या डिसेंबरात राज्यभरासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, जिला आम्ही सगळे 'युडीसीपीआर' म्हणतो. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, १.१; त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून मिळणारा वाढीव, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), आणि या सगळ्यावर राहत्या बांधकामाला ६० टक्के व व्यापारी बांधकामाला ८० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय. रुंद रस्त्यावरच्या प्लॉटचं गणित एका रात्रीत बदललं. आता एवढं बांधकाम पसरून बसत नाही, म्हणून इमारती वर चालल्या आहेत. रस्त्याकडचा तळमजला सर्वात महाग विकला जातो, म्हणून खाली गाळे आले. 'मिक्स्ड यूज' हे नाव नवं आहे. खाली पेढी आणि वर घर हे चोपड्याच्या, अमळनेरच्या, जुन्या जळगावच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. फरक एवढाच, तिथे पेढी आणि घर एकाच मालकाचं असायचं.

आता काळ्या मातीचं. तुमची भीती बरोबर जागी आहे, फक्त ती टॉवरबद्दल नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये रानात पडलेल्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो, हे तुम्हाला यावलच्या माणसाला मी काय सांगू. पण चौदा मजल्यांचा पाया त्या मातीत बसतच नाही. तळघरासाठी खोदतानाच ती निघून जाते आणि पाया खालच्या घट्ट मुरमावर किंवा खडकावर येतो. खडक फार खोल असेल तर राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब) किंवा पाइल (खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब). काळ्या मातीने खरा त्रास होतो तो हलक्या गोष्टींना: कंपाउंडची भिंत, वॉचमनची खोली, तळघराचा रॅम्प, गाळ्यांसमोरचा ओटा, पेव्हर ब्लॉक. टॉवर जागचा हलत नाही आणि भोवतालची जमीन दरवर्षी दोन-चार सेंटीमीटर वर-खाली होते. मग ड्रेनेजचे पाइप जिथे इमारतीतून बाहेर जमिनीत शिरतात तिथेच तुटतात. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात तळघरात ओल दिसायला लागते आणि सगळे वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या देतात. म्हणून साइटवर गेलात तर इमारतीभोवतीचा भराव कशाचा चाललाय ते बघा. खोदलेली काळी मातीच परत ढकलत असतील तर ते काम पुढे तुमच्या मेंटेनन्समधून निघणार. मुरूम थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून भरत असतील तर माणूस समजदार आहे.

पायाबद्दल तुम्ही एकच कागद मागा: बोअर लॉगसह (किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद) मातीचा तपासणी अहवाल. आपल्याकडे जमीन पावलोपावली बदलते. शहरात एखाद्या प्लॉटवर सहा-सात फुटांवर मुरूम लागतो. उत्तरेला तापीकडे सरकलं की गाळाची जमीन सुरू होते आणि यावल-रावेरच्या बाजूला विहीर खणणाऱ्यालासुद्धा खडकाचं तोंड दिसत नाही. त्यामुळे 'शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे' हे उत्तर मी तरी घेत नाही.

खडक लागला म्हणजे झालं, असंही नसतं. आपला खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर, आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल गेरूसारखा मऊ पट्टा असतो. बोअर मारणाऱ्यांना तो चांगला माहीत असतो, पाण्याबरोबर लाल गाळ यायला लागतो. काही वर्षांपूर्वी एका साइटवर काळा टणक दगड लागल्यावर ड्रिलिंग थांबवायची घाई चालली होती. मशीनचं भाडं चढत होतं. मी अजून तीन मीटर जायला लावलं. लाकडी पेटीत कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले खडकाचे तुकडे, मांडून ठेवलेले होते: पहिल्या दोन ओळींत हातभर लांबीच्या, घासून गुळगुळीत झालेल्या काळ्या कांड्या, आणि तिसऱ्या ओळीत ओल्या विटेसारखा लाल चुरा, बोटाने दाबला तर दबणारा. तीन-चार मजल्यांना त्या लाल पट्ट्याचं काही वाटलं नसतं. तिथे बारा मजले व्हायचे होते. पाया बदलला, खर्च वाढला, मालकाने दोन महिने माझा फोन उचलला नाही. तुमच्या इमारतीच्या अहवालात बोअर किती घेतले, किती खोल गेले आणि खडकात किती शिरले हे तीन आकडे बघा. कळले नाहीत तर ओळखीच्या कुठल्याही सिव्हिल इंजिनिअरला पानाचा फोटो पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे.

यापुढचा मुद्दा मी सर्वात वर ठेवतो, आणि तो तळमजल्याचा आहे. खाली गाळे, वर घरं या इमारतीचं खरं दुखणं इथे असतं.

फ्लॅटच्या खोल्या दहा-बारा फुटांच्या, म्हणून वरचे कॉलम जवळजवळ येतात. शोरूमवाल्याला मात्र मध्ये एकही खांब नको, समोर सलग काच हवी, आणि उंचीही जास्त. या ओढाताणीत दोन चुका होतात. पहिली म्हणजे अधांतरी कॉलम. वरच्या बारा मजल्यांचा कॉलम खाली जमिनीपर्यंत न नेता दुसऱ्या मजल्याच्या बीमवर उभा करतात, खाली शोरूम मोकळं. भूकंपाच्या आयएस १८९३ या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत याला अनियमितता म्हटलंय आणि भूकंपाचा भार घेणाऱ्या सांगाड्यात असे कॉलम ठेवायला मनाई आहे. दुसरी चूक म्हणजे कमकुवत मजला. वर सगळीकडे भिंती, खाली नुसती काच आणि शटर. इमारत आडवी हलली की वरचा भाग एका पेटीसारखा हलतो आणि सगळा ताण खालच्या उंच, बिनभिंतीच्या मजल्यावर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये भुजजवळ होता. दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या त्यांत खाली मोकळं पार्किंग असलेल्या पुष्कळ होत्या.

'खानदेशात कुठला भूकंप' असं मला दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. त्याच २०१६ च्या कोडमधल्या भूकंपाच्या नकाशात जळगाव मध्यम धोक्याच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, मुंबई-पुण्यासारखंच. तापी-नर्मदेचं खोरं हा भूगर्भातला जुना भेगांचा पट्टा आहे आणि १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप होऊन गेलाय. घाबरायचं कारण नाही, डिझाइन करायचं कारण आहे. उपाय ठरलेला आहे: लिफ्टच्या आणि जिन्याच्या भोवती काँक्रीटच्या भिंती, आणि त्या पायापासून गच्चीपर्यंत अखंड.

हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. बिल्डरकडून तळघर, तळमजला आणि फ्लॅटचा मजला अशा तीन नकाशांच्या एकाच मापातल्या प्रिंट मागा. तिन्ही एकावर एक ठेवा, लिफ्टचा चौकोन जुळवा आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरा. वरचा प्रत्येक काळा ठिपका, म्हणजे कॉलम, खालच्या कागदावर त्याच जागी दिसला पाहिजे. एखादा ठिपका खाली गायब असेल तर त्याच्यावर बोट ठेवा आणि विचारा, याचं वजन कुठे जातं? उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. सेल्सच्या पोराला विचारू नका, तो बिचारा 'सगळं भूकंपरोधक आहे सर' एवढंच म्हणेल. कॉलमची मापंही बघा. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या आयएस १३९२० या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीने कॉलमची कमीत कमी जाडी ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच ठरवली. आपल्याकडे नऊ इंची कॉलम भिंतीत लपवायची जुनी हौस आहे, कपाट नीट बसतं म्हणून. टॉवरमध्ये कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला दिसला तर नाक मुरडू नका.

ताबा दिल्यानंतरचा धोका वेगळाच. असा फोन मला येतोच: "सर, समोरचा खांब थोडासा तासून मिळेल का? काचेला आडवा येतो. वरवर फक्त." वरवर म्हणजे प्लास्टरखालचं काँक्रीट आणि त्यामागची सळई. बारा मजल्यांवरच्या अठ्ठेचाळीस घरांचं वजन ज्या खांबांवर उभं आहे ते एखाद्या गाळेवाल्याच्या ताब्यातल्या जागेत असतात, आणि तो शटर पाडून आत काय करतो हे वरच्यांना कळतही नाही. म्हणून करारनाम्यात गाळेधारकाने स्ट्रक्चरला हात न लावण्याचं कलम आहे का ते बघा. सोसायटी झाल्यावर गाळ्यात फर्निचर चालू असताना कोणीतरी एक चक्कर मारायची पद्धत ठेवा.

काँक्रीटबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्ही बाहेरून फारसं तपासू शकत नाही. चाळीस अंशांच्या वर हवा गेली की त्या कामाला कोडच्या भाषेत 'उष्ण हवामानातलं काँक्रीट' म्हणतात, त्याचे नियम वेगळे. जळगावात एप्रिल ते अर्धा जून म्हणजे तेच. अशा दिवसांत आम्ही स्लॅब पहाटे पाचला सुरू करतो. सकाळी अकराला मिक्सरची गाडी अजिंठा चौफुलीच्या गर्दीत अडकली, साइटवर आली तोवर माल घट्ट झाला, आणि कोणीतरी पाइप घेऊन ड्रममध्ये पाणी सोडलं, की त्या गाडीपुरता स्लॅब गेला समजा. साइटवर गेलात तर दोन गोष्टी विचारा: क्यूबचं रजिस्टर, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीची नोंद, दाखवता का, आणि कॉलमवर बारदान ओलं आहे का. मे महिन्यात दुपारी तीनला जा. कोरडं बारदान गुंडाळलेले कॉलम दिसले तर काँक्रीटला पाणी मिळत नाही, समजायचं ते समजा. आणि हो, गिरणेची वाळू नाही, 'डस्ट'चं काम आहे म्हणून नाराज होऊ नका. धुतलेली, मशीनवर गोल केलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, कोडला मान्य आहे. खडी मशीनखालचा कच्चा भुगा वेगळा, तो नको.

आता पाणी. हे मी मुद्दाम आकड्यात सांगतो. अठ्ठेचाळीस फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे २४० जण. माणशी दिवसाला १३५ लिटर धरायची पद्धत आहे, म्हणजे रोज सुमारे ३२,४०० लिटर. आपल्याकडे वाघूर धरणाचं पाणी रोज येत नाही, दिवसाआड किंवा दोन दिवसांआड येतं, आणि पाइपलाइन फुटली की आणखी लांबतं. तीन दिवसांचं धरलं तर ९७ हजार लिटर. म्हणजे जमिनीखाली एक लाखाची टाकी हवी: साधारण आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, अडीच मीटर खोल. एखाद्या मोठ्या हॉलएवढी. गाळ्यांचं पाणी वेगळं आणि आगीसाठीचा राखीव साठा वेगळा; तो याच्यात मोजायचा नाही. बिल्डरला एकच विचारा, घरांच्या पाण्याची टाकी किती लिटरची? 'मुबलक आहे, बोअर पण आहे' हे उत्तर झालं नाही. बोअर एप्रिलमध्ये काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. टाकी कमी पडली की टँकर येतो. टँकर महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर गाळ्यांसमोर उभा राहतो. मग गाळेवाले विरुद्ध फ्लॅटवाले पहिलं भांडण तिथे सुरू होतं.

अकरावा मजला आई-वडिलांना बरा का? माझं मत, नाही. कारण उंची नव्हे, दिशा आणि लिफ्ट. वायव्येचा कोपरा म्हणजे दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत पश्चिमेचं ऊन भिंतीवर. मे महिन्यात पंचेचाळीस अंश असताना ती भिंत रात्री बारापर्यंत घरात गरमी सोडत राहते. तुमच्या गावच्या धाब्याच्या घरात दोन-दोन फुटी मातीची भिंत आणि वर पांढऱ्या मातीचा थर असायचा, ते ऊन आत यायलाच रात्र व्हायची. इथे सहा इंची ब्लॉक आणि मोठी काच. वडील गावी ओट्यावर झोपलेले असणार, त्यांना हे जड जाईल. सातपुडा काही रोज बघत नाही कोणी. फ्लॅट पूर्वेचा किंवा उत्तरेचा घ्या, गाळ्यांच्या वरचा पहिला राहता मजला सोडून त्याच्या वरचे दोन-तीन मजले बघा. गाळ्यांच्या लगेच वर नको, कारण खाली उद्या हॉटेल आलं तर तंदूरचा धूर आणि बँक आली तर एसीचे कॉम्प्रेसर तुमच्या खिडकीखाली. सर्वात वरचा मजलाही नको, तिथे छत तापतं.

लिफ्ट किमान दोन, त्यातल्या एकीत स्ट्रेचर आडवं मावलं पाहिजे. टेप घेऊन मोजा, लाजू नका. वीज गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप दोन्ही चालतात का, की फक्त जिन्यातले दिवे? इमारतीत गाळ्यांचा जिना-लिफ्ट आणि घरांचा जिना-लिफ्ट वेगळे असावेत. एकच असेल तर ही इमारत सोडून द्या, आणि इथे मी चर्चेला तयार नाही. दिवसभर कोण वर-खाली करतंय हे कळत नाही, आणि खाली गाळ्यात आग लागली तर धूर त्याच जिन्यातून वर येतो.

आगीचंच बोलायचं तर अकरावा मजला जमिनीपासून तीस मीटरच्या वर जातो. अग्निशमनची शिडी खिडकीला लागेल हे गृहीत धरायचं नाही. इमारतीची स्वतःची यंत्रणा चालू असणं हाच उपाय. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे २४ मीटरच्या वरच्या इमारतीत साधारणपणे आगीच्या वेळी थांबायला आसऱ्याची मोकळी जागा लागते. नकाशात ती आहे का बघा, आणि प्रत्यक्षात तिथे कोणाचं जिम किंवा मंदिर होत नाहीये ना तेही. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात यंत्रणा सुस्थितीत असल्याचं 'फॉर्म ब' प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. बिल्डरने आधी बांधलेल्या एखाद्या इमारतीत जा आणि तिथल्या सेक्रेटरींना मागच्या जुलैचा फॉर्म ब विचारा. चार वर्षं जुनी इमारत आणि पंपाच्या खोलीला गंजलेलं कुलूप, असं मी स्वतः पाहिलंय. किल्ली कोणाकडे हे शोधायला अर्धा तास गेला.

गाळ्याचा प्रश्न. पहिल्या मजल्यावरचा गाळा भाड्यासाठी? मी घेणार नाही. जळगावचं गिऱ्हाईक सोन्याला सराफ बाजारात, कपड्याला फुले मार्केटला आणि मोबाइलला गोलाणीत जातं. पत्ता आणि ओळख दोन्ही जुनी. महामार्गाकडचा तळमजला चालतो, शोरूम, बँक, मिठाईवाला येतो. पण पहिला मजला चढून जायला गिऱ्हाइकाला सबळ कारण लागतं. डॉक्टर, क्लास, सीए, एवढीच मंडळी वर टिकतात, आणि त्यांना लागतं पार्किंग. म्हणून गाळा बघण्याआधी तळघर बघा. मंजूर नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात गोडाऊन, हा आपल्या शहराचा जुना रोग आहे. तळघर गेलं की गाड्या रस्त्यावर, आणि रस्त्यावर गाड्या आल्या की पहिल्या मजल्यावरचा डॉक्टर सोडून जातो. शिवाय पाळधी-तरसोद बायपासने जड वाहतूक बाहेर वळली की शहरातला हा रस्ता महामार्ग कमी आणि बाजाराचा रस्ता जास्त होत जाईल. तळमजल्याला ते चांगलं. वरच्याला पार्किंगशिवाय काहीच उपयोग नाही.

गाळे आणि फ्लॅट एकत्र असले की मेंटेनन्सचं भांडण ठरलेलं. इमारतीची सहकारी सोसायटी होणार की फ्लॅटमालकांचं 'अपार्टमेंट' (कंडोमिनियम), हे आत्ताच विचारा. सोसायटीत आदर्श उपविधीप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्यांना समान. तळमजल्याचा गाळेवाला म्हणतो, मी लिफ्ट वापरतच नाही. अपार्टमेंटमध्ये १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्रात लिहिलेल्या हिश्श्याप्रमाणे. तिथे मोठा शोरूमवाला म्हणतो, मीच का जास्त देऊ. दोन्ही पद्धती चालतात, पण पैसे देण्याआधी माहीत असलेली बरी.

कागदपत्रांचं वकिलाकडून करून घ्या, मी फक्त इंजिनिअरच्या नजरेने सांगतो. महारेराच्या वेबसाइटवर नंबर टाकून मंजूर नकाशा डाउनलोड करा आणि बांधकाम परवानगी नेमक्या कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. चौदा मजले विकायला काढलेत आणि परवानगी नऊची, असं होऊ शकतं. 'बाकीची येतेय' यावर दहावा-अकरावा घ्यायचा नाही. तिथेच आर्किटेक्टचं फॉर्म १ आणि इंजिनिअरचं फॉर्म २ दिसेल, कामाची टक्केवारी साइटशी जुळवून बघा. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. मंजूर नकाशात पुढे मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते, त्यामुळे 'सह्या करून ठेवा, फॉर्मॅलिटी आहे' म्हणून आधीच घेतलेली कोरी संमती देऊ नका. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय सामान हलवू नका, वडिलांनी कितीही घाई केली तरी.

एक राहिलं. करारनाम्यात गच्ची कोणाची ते शोधा. एखाद्या कलमात 'वरील टेरेस अमुक फ्लॅटधारकाच्या वापरासाठी' किंवा 'भविष्यात मिळणारा वाढीव एफएसआय विकासकाचा' असं आडवळणाने लिहिलेलं असतं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ, उद्या तुमच्या डोक्यावर अजून दोन मजले. पहिल्याचा अर्थ, गच्चीच्या दाराला कुलूप. हे पान आईंना वाचून दाखवा. एप्रिल आला की बिबड्या आणि कुरडया वाळत कुठे घालायच्या, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल, आणि त्याचं उत्तर बिल्डरकडून लेखी घ्या.